काळ्या पडद्यावरची अमावस्या

भिंतीवरच्या बहुतेक मराठी दिनदर्शिकांत अमावस्येच्या चौकटीत काळा भरीव गोल असतो आणि पौर्णिमेच्या चौकटीत पोकळ, पांढरा. कागदच पांढरा, त्यामुळे ही खूण कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आता हेच पान मोबाइलच्या ॲपमध्ये उघडा आणि डार्क मोड, म्हणजे काळ्या पानावर फिकी अक्षरं, लावा. हे गोल चित्र म्हणून न ठेवता अक्षरासारखे वापरले असतील, तर ते मजकुराच्याच रंगात उमटतात. मजकूर काळ्याचा पांढरा झाला की भरीव गोल पांढराशुभ्र होतो, आणि पोकळ गोलाच्या पोटातून मागचा अंधार दिसू लागतो. अमावस्येला पूर्ण चंद्र आणि पौर्णिमेला काळोख! चैत्री पौर्णिमेसाठी सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्या खानदेशी माणसाला तिथी तोंडपाठ असते म्हणून ठीक, नाहीतर पंचाईतच.

बातम्यांचं किंवा गप्पांचं ॲप उलट्या रंगांत चालून जातं, कारण तिथे अर्थ शब्दांत असतो. दिनदर्शिकेत शब्द कमीच. रविवार लाल, होऊन गेलेले दिवस फिके, आजची तारीख ठळक, कुटुंबाच्या नोंदी एका रंगात, कामाच्या दुसऱ्या. सात रकाने आणि जास्तीत जास्त सहा ओळी, म्हणजे ४२ चौकटी. त्यांतला निम्मा अर्थ रंग आणि उजेडच सांगतात. म्हणून दिनदर्शिकेचा डार्क मोड रंग उलटवून मिळत नाही, तो पहिल्यापासून रचावा लागतो.

आणि त्याची गरज खरी आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतीपंपांची थ्री-फेज लाइट कधी दिवसा तर कधी रात्री, अशी पाळीपाळीने येते. रात्री दोनला मोटर चालू करायला निघालेला माणूस या आठवड्याची पाळी बघायला फोन उघडतो. त्या वेळी त्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. हा सराव सहज होत नाही: रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना साधारण दहा मिनिटं लागतात, मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त. दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे रसायन प्रखर प्रकाशात मोडतं आणि सावकाश परत तयार होतं. पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघितलं की बांधावरून चालताना थोडा वेळ काहीच दिसत नाही, ते यामुळे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत रात्रपाळीचा रोस्टर बघणाऱ्यांचीही हीच तऱ्हा.

आता लाल रविवार घेऊ. दोन रंगांतला फरक मोजायला वेबच्या सुलभता-नियमांत एक सूत्र आहे. प्रत्येक रंगाची तेजस्विता ० ते १ मध्ये काढायची, दोन्हींत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्याला लहानाने भागायचं. काळ्यावर पांढरं म्हणजे २१. नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ हवेत, मोठ्या अक्षरांना ३. तेजस्वितेत हिरव्याचा वाटा ७१.५२ टक्के, लालचा २१.२६ आणि निळ्याचा जेमतेम ७.२२. कागदावर शोभणारा गडद लाल रंग (प्रत्येक घटक ० ते २५५ मध्ये मोजला तर लाल १३९, हिरवा ०, निळा ०) पांढऱ्यावर १० गुण मिळवतो. तोच रंग डार्क मोडच्या गडद करड्यावर ठेवा: दोनसुद्धा मिळत नाहीत, सगळे रविवार गडप. शुद्ध निळ्याचीही तीच गत, पांढऱ्यावर साडेआठ आणि करड्यावर दोनच्या आसपास. उपाय सोपा आहे, पण डिझायनरच्या जिवावर येतो: लालचा गुलाबीकडे झुकणारा फिका लाल करायचा. २५५, १३८, १२८ असा रंग घेतला तर त्याच करड्यावर आठ गुण मिळतात आणि तो लाल म्हणूनच ओळखू येतो. प्रत्येक रंगाला असा अंधारातला जोडीदार हाताने निवडून द्यावा लागतो.

ती पार्श्वभूमी करडी का, ठार काळी का नाही? गूगलच्या मटेरियल डिझाइन या रचना-नियमावलीने १८, १८, १८ हा करडा सुचवला, त्यामागे कारणं आहेत. ओएलईडी पडद्यावर प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो, म्हणून काळा बिंदू म्हणजे बंद बिंदू, आणि बंद बिंदू पेटायला किंचित उशीर लागतो. महिन्यांमागून महिने सरकवताना तारखांमागे शेपटासारखा फराटा दिसतो तो त्यामुळे. दुसरं कारण सावलीचं. उजेडी पानावर तारखेवर बोट ठेवल्यावर उघडणारा चौकोन खालच्या सावलीमुळे उचललेला वाटतो. काळ्यावर सावली पडणार कुठे? म्हणून अंधारात उलटा नियम: जे वर, ते थोडं उजळ. पार्श्वभूमी आधीच ठार काळी नसली की या पायऱ्यांना जागा राहते.

चौकटींच्या रेघांची गोष्ट मला सगळ्यांत मजेची वाटते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ लुडिमार हेर्मान यांनी १८७० मध्ये एक दृष्टिभ्रम नोंदवला: काळ्या चौकोनांमधून पांढऱ्या पट्ट्या गेल्या असतील तर जिथे पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे करडे ठिपके लुकलुकतात, आणि नेमकं तिकडे बघायला गेलं की नाहीसे होतात. काळ्या पानावर जाड, पांढऱ्या रेघा मारून महिना आखला तर आपण हेर्मानचं जाळंच आखलेलं असतं. ठिपके चौकटीच्या कोपऱ्यांत येतात, आणि अनेक ॲप्स प्रसंगाची छोटी खूणही तिथेच ठेवतात. ‘काहीतरी नोंद आहे वाटतं’ म्हणून बघावं तर काही नसतं. रेघा अगदी मंद ठेवाव्यात, किंवा गाळूनच टाकाव्यात. सारख्या अंतरावर मांडलेले आकडे डोळा आपोआप रकान्यांत लावतो.

नोंदींच्या रंगीत पट्ट्यांचंही असंच. पांढऱ्यावर सौम्य दिसणारी भडक केशरी पट्टी काळ्यावर दिव्यासारखी पेटते. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, पाहुण्यांसाठी चार दिवस अडवून ठेवले, की आठवड्यातलं दुसरं काही दिसतच नाही. पट्टीचा रंग गडद आणि मवाळ ठेवून फक्त डाव्या कडेला उजळ रेघ द्यावी, वर फिकट अक्षरं. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, त्यांत पुरुष कितीतरी जास्त, रंगावर विसंबू शकत नाहीत. पक्क्या नोंदीला भरीव पट्टी आणि कच्च्या नोंदीला तिरप्या रेघा, असा आकाराचा आधार लागतोच.

देवनागरीला आणखी एक त्रास आहे. काळ्यावरचं पांढरं अक्षर मूळ आकारापेक्षा जाड भासतं. हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला होता. शिवाय अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्यातले बारीक दोष उघडे पडतात, सिलिंड्रिकल नंबर असेल तर जास्तच. मग ‘शुद्ध’मधला द्ध आतून भरून येतो, ‘वद्य’चा द्य चिकटतो, अनुस्वार शिरोरेघेत मिसळतो. तिथी, नक्षत्र, करण असा बारीक मजकूर चौकटीत कोंबणाऱ्या पंचांग ॲपने डार्क मोडमध्ये अक्षर जरा मोठं करावं, वजन, म्हणजे रेषेची जाडी, एक पायरी उतरवावं आणि पांढरं पूर्ण पांढरं न ठेवता ८७ टक्क्यांवर आणावं.

डार्क मोड डोळ्यांना बरा, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. उजेडात वाचायला पांढऱ्यावर काळंच सरस ठरतं. बाहुली आकसते आणि प्रतिमा रेखीव होते. मे महिन्यात जळगावच्या उन्हात उभं राहून बघा. समजा, पडद्यावरचं पांढरं ५०० एकक उजेड देतं आणि काळं ५. फरक शंभरपट. वरून काचेने उन्हाचे ४०० एकक परत फेकले, की ९०० विरुद्ध ४०५, म्हणजे सव्वादोनपट! ही घट दोन्ही मोडमध्ये होते. पण डार्क मोडची सगळी कारागिरी करड्याच्या बारीक पायऱ्यांवर उभी असते, ती आधी वाहून जाते. आजची चौकट, मंद रेघा, फिके दिवस, काहीच उरत नाही. काळ्या काचेत आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो तो वेगळा.

बॅटरीचा हिशेबही सरसकट नाही. एलसीडी पडद्याचा मागचा दिवा काळ्या पानालाही जळतच राहतो, बचत जवळपास शून्य. ओएलईडीवर बचत होते, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधल्या मोजणीत ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर ती सरासरी ३ ते ९ टक्केच भरली. पूर्ण ब्राइटनेसवर मात्र ३९ ते ४७.

म्हणजे एकाच माणसाला दिवसभरात दोन्ही पानं लागतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ आल्यापासून, २०१९ पासून, फोनवर उजेडी मोड निवडलाय की डार्क, ते ॲपला कळतं. पंचांग ॲपकडे तर त्याहून जास्त माहिती असते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तीच त्या दिवसाची धरतात, त्यामुळे तुमच्या गावचे उदयास्त ते काढतंच. जळगावात मेअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आसपास. त्या वेळांवर पान आपोआप बदलावं, आणि भरदुपारी अंधाऱ्या गोदामात उभ्या असलेल्या माणसासाठी हाताने बदलायचं बटण पहिल्याच पडद्यावर असावं. सेटिंगच्या चौथ्या पानावर नको.