आहेर कुणी कुणाला केला?

चित्रफीत जेमतेम दहा मिनिटांची आहे. नवरी सावकाश पावलं टाकत येते. गळ्यात हिऱ्यांसारख्या लखलखणाऱ्या माळा, एकीखाली एक. केसांतही तेच खडे. नवरदेव काचेच्या पेल्यांच्या उतरंडीवर शॅम्पेन ओततो आणि ती एकेका थरातून खाली झिरपत जाते. जवळच कित्येक मजली केक. पाहुण्यांत देशाचे बडे सेनाधिकारी.

हे लग्न जुलै २००६मधलं, म्यानमारमधलं. जुनी माणसं अजून ब्रह्मदेशच म्हणतात. नवरी थांडार श्वे ही लष्करी राजवटीचे प्रमुख थान श्वे यांची मुलगी, नवरा लष्करात मेजर. नोव्हेंबरमध्ये ही चित्रफीत फुटली, इंटरनेटवर आली आणि जगभर पाहिली गेली. त्या वेळचा म्यानमार कसा होता? जागतिक आरोग्य संघटनेनं २००० साली १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्था तोलून पाहिल्या, त्यात हा देश १९०वा आला होता. पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे जवळजवळ एक कमी वजनाचं होतं. खाणींतून माणकं निघत होती, समुद्रातला नैसर्गिक वायू थायलंडला विकला जात होता, आणि सरकारी दवाखान्यात औषधं रोग्यानं बाहेरून विकत आणायची होती.

बातम्या आल्या त्यात बहुतेकांच्या नजरेत भरले ते हिरे. मला मात्र त्या बातम्यांमधला दुसरा एक आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. वधूवरांना मिळालेल्या भेटींची किंमत ५ कोटी डॉलरच्या घरात होती, त्यात मोटारी होत्या, घरं होती, असं तेव्हा छापून आलं. म्हणजे लग्नाच्या खर्चापेक्षा आहेर कितीतरी मोठा. हे लग्न समजून घ्यायचं तर नवरीच्या गळ्याकडे बघून भागणार नाही, आहेराच्या टेबलाकडे बघावं लागेल.

ते टेबल आपल्या ओळखीचं आहे. माझ्या लहानपणी गावाकडच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी माझे थोरले काका वही घेऊन बसायचे. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याला हळदीकुंकू, आणि खाली नाव, गाव, आहेर: अकरा रुपये, तांब्या, खण, टोपी-उपरणं. अक्षता पडल्या की माणसं जेवायला पळायची, काका मात्र शेवटचा पाहुणा जाईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. पुढं त्या माणसाच्या घरी कार्य निघालं की आधी वही काढायची, त्यानं काय घातलं होतं ते बघायचं, आणि त्याहून थोडं सरस घालायचं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यानं १९२५मध्ये जगभरच्या रिवाजांवरून हेच मांडलं: देणं बंधनकारक, घेणं बंधनकारक आणि परत करणंही बंधनकारक. आहेर फिरत राहतो, म्हणून नाती टिकतात. माझ्या काकांना मॉस माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांची वही त्याच नियमानं चालायची.

आता शास्त्रज्ञ लग्नाच्या थाटाकडे कसं बघतात ते पाहू. इस्रायलचे जीवशास्त्रज्ञ आमोत्झ झाहावी यांनी १९७५मध्ये मोराच्या पिसाऱ्याचं कोडं वेगळ्या बाजूनं सोडवायचा प्रयत्न केला. एवढं ओझं वागवायचं, वाघाच्या तावडीत सापडायचा धोका पत्करायचा, ते कशासाठी? तर ते ओझं झेपतं हीच मोराच्या ताकदीची खूण. दुबळ्या मोराला असली बढाई परवडत नाही, म्हणून ती खोटी असू शकत नाही. अॅलन ग्राफेन यांनी १९९०मध्ये याचं गणित मांडल्यावर ही कल्पना जीवशास्त्रात रुजली. अर्थशास्त्रात असाच विचार निराळ्या वाटेनं आला होता. त्याला महागडा संकेत म्हणता येईल: ज्याची किंमत मोजावी लागते, तेच बोलणं खरं धरलं जातं.

माणसांच्या लग्नात हे तपासलं गेलंय, तेही आपल्या शेजारी. फ्रान्सिस ब्लॉक, विजयेंद्र राव आणि सोनाल्डे देसाई यांनी कर्नाटकातल्या कुंभार कुटुंबांचा अभ्यास करून २००४मध्ये तो प्रसिद्ध केला. ही माणसं गरीब, तरी मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च करायची. का? सोयरीक गावातलीच असेल तर जावयाचं घराणं कसं आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण बाहेरगावचं, वरचं स्थळ मिळालं तर गावाला ते कळायचं कसं? मांडव, वाजंत्री, जेवणावळी यांतून. अशा लग्नांत थाटावरचा खर्च वाढत होता. त्याला उधळपट्टी म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. पण त्या कुंभाराचा हिशेब पक्का होता आणि कर्ज त्याच्याच डोक्यावर होतं.

हुकूमशहाच्या घरचं लग्न इथंच वेगळं पडतं. पिसारा मोर स्वतः वाहतो, कर्ज कुंभार स्वतः फेडतो. थान श्वे यांच्या खिशाला या लग्नाची झळ कशी लागणार? ज्याला झळ लागत नाही त्याच्या संकेताला किंमत नाही. शिवाय देशात सर्वांत बलवान कोण, हे कुणाला नव्यानं सांगायची गरजही नव्हती. मग त्या दिवशी संकेत देत कोण होतं? माझ्या मते, पाहुणे.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड विंट्रोब यांनी ज्याला हुकूमशहाचा पेच म्हटलं तो असा: लोक जितके घाबरतात तितके ते गोड बोलतात, आणि ते जितके गोड बोलतात तितकं त्यांच्या मनातलं कळेनासं होतं. जयजयकार फुकट असतो. उद्या पाठीत सुरा कोण खुपसणार हे जयजयकारावरून ओळखता येत नाही. थान श्वे यांना ही भीती खरीच असणार. त्यांच्या आधीचे सर्वेसर्वा ने विन यांचा जावई आणि तीन नातू यांना २००२मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा सुनावली गेली होती (ती अमलात आली नाही), आणि म्हातारे ने विन त्याच वर्षाअखेर नजरकैदेत वारले. ऑक्टोबर २००४मध्ये खुद्द थान श्वे यांनी पंतप्रधान आणि गुप्तहेर खात्याचे प्रमुख खिन न्यून्त यांना हटवलं आणि त्यांचं अख्खं खातं मोडून काढलं. लग्न त्यानंतर दोन वर्षांच्या आत झालं. आपण कुणाच्या यादीत आहोत, हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्याला आणि व्यापाऱ्याला पडला असणारच. अशा वेळी मोटार किंवा घर आहेरात देणं म्हणजे निष्ठेचा महागडा पुरावा. सर्वांदेखत दिलेला, मागं घेता न येणारा.

रिवाजही जुना होता. ब्रह्मी राजांच्या काळात ‘कडॉ’ नावाचा दरबार भरे. सरदार, मांडलिक आणि अधिकारी राजापुढं वाकून नजराणे ठेवत, आणि न येणाऱ्याच्या निष्ठेबद्दल शंका घेतली जाई. असे नजराणे घेणारा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला आणून ठेवलं ते आपल्या रत्नागिरीत. तिथला थिबा राजवाडा आजही उभा आहे, आणि १९१६मध्ये राजानं प्राण सोडला तोही रत्नागिरीतच. थान श्वे यांनी मात्र राजेशाहीची हौस नव्यानं जागवली. २००५मध्ये राजधानी रंगूनहून हलवून त्यांनी रानात नवं शहर वसवलं, नाव ठेवलं नेपिडॉ, म्हणजे राजांचं निवासस्थान, आणि तिथं तीन जुन्या राजांचे अवाढव्य पुतळे उभारले.

आता त्या आहेरातल्या मोटारीकडे जरा जवळून बघा. तेव्हा म्यानमारमध्ये मोटार आयात करायला सरकारी परवाना लागे, आणि परवाने मूठभरांनाच मिळत. त्यामुळे जपानमध्ये भंगारात निघालेली टोयोटा रंगूनमध्ये हजारो डॉलरना विकली जाई. किंमत पत्र्याची नव्हती, परवान्याची होती. मोटार देऊ शकणारा माणूस म्हणजे ज्याला राजवटीनं आधीच काहीतरी दिलंय असा माणूस. आणि त्याच्या आहेराची परतफेड उद्या तांब्या-खणात होणार नसते. ती जंगलतोडीच्या ठेक्यात होते, खाणीच्या पट्ट्यात होते, आयातीच्या परवान्यात होते. माझ्या काकांच्या वहीतला पैसा आहेर करणाऱ्याचा स्वतःचा असायचा. इथं घेणारा आणि देणारा दोघंही तिसऱ्याच्याच मालातून देवघेव करतात, आणि तो तिसरा, म्हणजे देश, लग्नाला बोलावलेला नसतो.

सत्तेजवळ असण्याची किंमत मोजता येते का? अर्थशास्त्रज्ञ रेमंड फिस्मन यांनी २००१मध्ये इंडोनेशियाबद्दल ते करून दाखवलं, आणि त्यांची युक्ती मला फार आवडते. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो म्हातारे झाले होते. १९९५ ते ९७ या काळात त्यांच्या प्रकृतीच्या अफवा अधूनमधून उठत. फिस्मन यांनी जकार्ताच्या शेअर बाजारातल्या कंपन्यांना सुहार्तोंशी असलेल्या जवळिकीनुसार १ ते ५ असे गुण दिलेले घेतले आणि अफवा उठल्यावर कुणाचा भाव किती पडतो ते पाहिलं. जुलै १९९६मध्ये सुहार्तो तपासणीसाठी जर्मनीला निघाले तेव्हा बाजार घसरला, पण त्यांच्या मुलांच्या आणि मित्रांच्या कंपन्या त्याहून जोरात घसरल्या. कंपनी तीच, कारखाना तोच, कामगार तेच. हललं होतं फक्त एका माणसाचं आयुष्यमान. हिशेब करता असं दिसलं की अशा कंपन्यांच्या किमतीचा मोठा वाटा निव्वळ ओळखीचा होता. त्या दरबारात सोयरीक किती मोलाची असेल ते यावरून कळावं. १९८३मध्ये सुहार्तोंची मुलगी एका तरुण लष्करी अधिकाऱ्याला दिली गेली. ते प्रबोवो सुबियांतो २०२४पासून इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष आहेत.

आणि दवाखाने? राज्यशास्त्रज्ञ ब्रूस ब्वेनो द मेस्किटा, अॅलिस्टर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये याचं गणित मांडलं. समजा राज्यकर्त्याच्या हातात १०० कोटी आहेत. खुर्ची टिकवायला दोन कोटी मतदारांची मर्जी लागत असेल तर माणशी ५० रुपये वाटून काही होणार नाही. त्यापेक्षा दवाखाना, रस्ता, शाळा काढलेली बरी, सगळ्यांना उपयोगी पडते. पण खुर्ची पाचशे सेनाधिकारी आणि ठेकेदारांवर उभी असेल तर प्रत्येकाला २० लाख देता येतात, आणि दवाखाना हा निव्वळ तोटा ठरतो. म्हणजे दहा मिनिटांच्या त्या चित्रफितीतला थाट आणि औषधांविना पडलेला रुग्ण या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. पैसा ज्यांच्यावर खुर्ची उभी आहे त्यांच्याकडेच गेला, एवढंच.

हैतीतली गोष्ट मला याहून टोचते. २७ मे १९८० रोजी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये हुकूमशहा जाँ-क्लोद दुवालिए याचं मिशेल बेनेट हिच्याशी लग्न झालं. खर्च काही दशलक्ष डॉलर झाल्याचं सांगतात. तेव्हा हैतीतल्या डुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ शिरली होती, आणि रोग बाहेर पसरू नये म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत देशातली गावठी काळी डुकरं सरसकट मारण्यात आली. आपण शेळीला गरिबाची गाय म्हणतो. हैतीच्या शेतकऱ्याला ते डुक्कर म्हणजे बँक होती. शाळेची फी भरायची, मयत उरकायची, मुलीचं लग्न करायचं तर डुक्कर विकायचं. बदली म्हणून अमेरिकेतून आणलेल्या गुबगुबीत डुकरांना विकतचं खाद्य आणि पक्का गोठा हवा होता. मालकाच्याच घरावर पक्कं छप्पर नव्हतं. राजधानीतल्या लग्नाची आतषबाजी विझते न विझते तोच खेड्यातल्या लग्नांचा पैसा असा संपला. १९८६च्या फेब्रुवारीत दुवालिए देश सोडून पळाला.

हे सगळं पाहुण्यांपुरतं राहतं तोवर यंत्र सुरळीत चालतं. समारंभात आणखी एक गोष्ट घडते, राज्यशास्त्रज्ञ मायकेल चवे यांनी ती नीट उलगडून दाखवलीय. नुसतं मला माहीत असणं आणि तुला माहीत असणं पुरेसं नसतं. तुला माहीत आहे हे मला माहीत असावं लागतं, आणि मला माहीत आहे हे तुला. मांडवात प्रत्येक सेनाधिकारी दुसऱ्याला वाकताना बघतो, आणि आपल्यालाही बघितलं जातंय हे जाणतो. मग एकट्यानं बंड करायची हिंमत होत नाही. पण चित्रफीत फुटली की मांडवाची कनात पडते. राज्यकर्ते लुटतात हे म्यानमारमध्ये पूर्वीच सगळे जाणून होते, प्रत्येक जण मनातल्या मनात. आता सगळ्यांनी एकच चित्र पाहिलं होतं, आणि शेजाऱ्यानंही ते पाहिलंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

पुढच्याच वर्षी म्यानमारमध्ये उठाव झाला. तो लग्नामुळे झाला असं मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २००७ला सरकारनं इंधनाचे भाव अचानक वाढवले, डिझेल दुप्पट झालं, बसचं भाडं मजुरीला गिळू लागलं, आणि लोक रस्त्यावर आले. ५ सप्टेंबरला पकोक्कू गावात सैनिकांनी मोर्चातल्या भिक्खूंना मारहाण केली. भिक्खूंनी माफी मागायला १७ तारखेपर्यंत मुदत दिली. माफी आली नाही.

त्या देशात वर्तमानपत्र उघडलं की सेनाधिकारी गुडघे टेकून भिक्खूंना दान देतानाचं छायाचित्र हमखास दिसे. वर्षभर सगळ्यांकडून आहेर घेणारी माणसं इथं देणारी असत, कारण पुण्य मिळवायचा तोच मार्ग, आणि राज्य करायचा अधिकारही लोकांच्या नजरेत त्याच पुण्यातून येई. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, यावर एक उपाय सांगितला आहे, वड्ढ लिच्छवी नावाच्या उपासकाच्या गोष्टीत. त्यानं एका निर्दोष भिक्खूवर खोटा आळ घेतला, तेव्हा बुद्धानं संघाला त्याच्यासमोर भिक्षापात्र पालथं करायला सांगितलं: या माणसाकडून काही घ्यायचं नाही. पाली भाषेत त्याला ‘पत्तनिक्कुज्जन’ म्हणतात.

१८ सप्टेंबर २००७पासून भिक्खू हजारोंच्या संख्येनं अनवाणी रस्त्यावर उतरले, मेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीचं सूत्र, म्हणत. काहींनी काळी भिक्षापात्रं डोक्याच्या वर धरली होती, उलटी, तळ आकाशाकडे करून.