नावाला टॅग लावायची भानगड, थोडी मागची गोष्ट

वेबपेजवर कुणाचं नाव आलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं हा माणूस आहे, मशीनला मात्र ती नुसती अक्षरं, आणि गंमत म्हणजे एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपेज लिहायच्या भाषेत, माणसाच्या नावासाठी खास टॅग (मजकुराचा तुकडा काय आहे हे सांगणारी खूण) कधीच नव्हता, आजही नाही. मग लोकांनी हाताशी येईल तो टॅग वापरला. त्यात सी-आय-टी-ई वाला साइट टॅग जास्त, कारण एचटीएमएल ४ च्या अधिकृत उदाहरणातच हॅरी ट्रुमनचं नाव त्या टॅगमध्ये घातलेलं होतं! पुढे एचटीएमएल ५ लिहिताना हा टॅग फक्त कलाकृतीच्या नावासाठी, माणसाला नाही, असं ठरलं आणि त्यावर भरपूर वाद झाले. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१४ च्या आवृत्तीत लेखकाचं नाव चालेल म्हटलं, ब्राउझरवाल्यांची व्हॉटडब्ल्यूजी मात्र हटली नाही, आणि आता स्टँडर्ड तिचंच चालतं.

दुसरीकडे २००० मध्ये फोफ (फ्रेंड ऑफ अ फ्रेंड) आलं, माणसं आणि त्यांच्या ओळखी मशीनला सांगायची पद्धत, डॅन ब्रिकली आणि लिबी मिलर यांची. कल्पना भारी, पण माणसाची माहिती वेगळ्या आरडीएफ (मशीनसाठी माहिती लिहायचा फॉरमॅट) फाइलमध्ये लिहायची, म्हणजे साधं पेज बनवणारा तिथेच गळाला.

खरी सोपी वाट २००४ च्या एचकार्डची. कॉन्टॅक्टसाठी व्हीकार्ड फॉरमॅट नव्वदच्या दशकापासून होताच, टांटेक चेलिकने त्यातलीच फील्डची नावं उचलून क्लासमध्ये, म्हणजे टॅगला द्यायच्या लेबलमध्ये, टाकली. नावाभोवती एक स्पॅन (साधा टॅग), त्याला क्लास व्हीकार्ड, आत लिंकला एफएन (पूर्ण नाव) आणि यूआरएल (वेब पत्ता) असे दोन क्लास, झालं काम. नवीन टॅग नाही, वेगळी फाइल नाही, दिसणाऱ्या नावालाच खूण. माझ्या मते एवढा कमी त्रास नंतर कुणीच दिला नाही.

२००९ मध्ये गूगलने रिच स्निपेट्ससाठी (शोधाच्या निकालात दिसणारी जादा माहिती) मायक्रोफॉरमॅट, म्हणजे एचकार्डसारख्या क्लासच्या खुणा, आणि आरडीएफए, म्हणजे पेजच्या टॅगमध्येच लिहायचं आरडीएफ, वाचायला घेतलं, २०११ मध्ये गूगल, बिंग, याहूने मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही अशा खुणांची सामायिक यादी काढली, तिथे माणसासाठी पर्सन हा टाइप. सुरुवातीला हे मायक्रोडेटाने, म्हणजे टॅगमध्येच जादा गुणधर्म लिहून, नावावरच लावायचे, पण नंतर जेसन-एलडी हा फॉरमॅट आला आणि सगळी माहिती एका स्क्रिप्ट ब्लॉकमध्ये गेली. डेव्हलपरला सोयीचं आहे, मान्य, पण परिच्छेदातलं नाव पुन्हा कोरंच राहिलं ना, शिवाय नाव बदललं तर दोन ठिकाणी बदला.

एचकार्डची नवी आवृत्ती एच-कार्ड अजून वापरात आहे, मुख्यतः इंडीवेबवाल्यांकडे, म्हणजे स्वतःच्या साइटवरच लिहिणाऱ्यांकडे. त्यात तर नावाच्या लिंकला एच-कार्ड हा एकच क्लास दिला तरी पुरतं, नाव आणि वेब पत्ता पार्सर (पेज वाचणारा प्रोग्राम) त्या लिंकमधूनच उचलतो.