मे महिन्यात नाग नदीत पाणी कुठून येतं? थोडी पार्श्वभूमी

परवा दुपारी, उन्हाचा पारा 45 च्या आसपास, नागपुरात नाग नदीच्या पुलावर गाडी थांबवली तर भाचा खाली वाकून विचारतो, मामा पाऊस तर कधीचाच गेला, मग हे पाणी काहून वाहून राहिलं? प्रश्न बावळट वाटतो पण हजारो वर्षं भल्याभल्यांना याचं उत्तर जमलं नव्हतं.

जुन्या ग्रीकांना वाटायचं की नुसत्या पावसावर एवढ्या नद्या चालणं शक्यच नाही. कोणी म्हणे समुद्राचंच पाणी जमिनीखालून डोंगरात चढतं, ॲरिस्टॉटल म्हणे डोंगराच्या पोटातल्या थंडाव्याने हवेचं पाणी होतं, आणि माठाला बाहेरून सुटलेला घाम पाहिला तर तोही अगदीच वेडा नव्हता म्हणा. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वारूळ न झाडं बघून जमिनीतलं पाणी कसं ओळखायचं ते लिहिलं, आणि आकाशातून पडतं ते पाणी एकाच चवीचं, जमिनीमुळे त्याच्या चवी न रंग बदलतात हेही तिथेच आहे, म्हणजे विहिरीचं पाणी वरूनच आलेलं हे त्याने धरूनच टाकलंय.

युरोपात 1580 मध्ये पालिसी नावाच्या फ्रेंच कुंभाराने सरळ लिहिलं की झरे न नद्या पावसाच्याच, पण लॅटिन न येणाऱ्या कुंभाराचं ऐकतो कोण. मग आला पिएर पेरो. सरकारी वसुलीच्या पैशातून स्वतःचं देणं चुकवलं म्हणून याची नोकरी गेलेली, पण हिशोब पक्का! फ्रान्सच्या सेन नदीच्या उगमाकडच्या भागात वर्षाला पडणारा पाऊस न नदीतून जाणारं पाणी याची त्याने तुलना केली, तर पाऊस नदीच्या सहापट निघाला. हे 1674 मध्ये छापून आलं. 1687 मध्ये हॅलीने, तोच धूमकेतूवाला, तापवलेल्या पाण्याचं भांडं वजन करून किती वाफ जाते ते मोजलं न भूमध्य समुद्राचा हिशोब लावला, वर जाणारं पाणी भरपूर निघालं. नागपूरकराला हे सांगायची गरज नाही, रात्री भरलेली कूलरची टाकी सकाळी तळाला गेलेली असते.

बाकी राहिला भाच्याचा प्रश्न, पाऊस गेल्यावर काय. तर मुरलेलं पाणी खडकाच्या भेगांतून हळूहळू झिरपत महिनोनमहिने नदीला येत राहतं. मारिओत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात बघितलं होतं, पावसाप्रमाणे तिथली गळती कमी-जास्त व्हायची.

पण नाग नदीचं मे महिन्यातलं पाणी बहुतेक त्या झिरप्याचं नाहीच. छिंदवाड्याकडे पडलेला पाऊस पेंच नदीतून तोतलाडोह धरणात, तिथून नवेगाव खैरीच्या धरणात, मग शुद्ध होऊन आमच्या नळाला, बादलीत, मोरीत, गटारात आणि शेवटी नागात. गंमत अशी की पेंच कामठीजवळ कन्हानला मिळते आणि नाग पण पुढे जाऊन कन्हानलाच मिळते, म्हणजे जे पाणी सरळ कामठीला पोचलं असतं ते आमच्या न्हाणीघरातून वळसा घेऊन, साबणाच्या फेसासकट, त्याच नदीत खालच्या अंगाला पोचतं.