व्यवसायसंधी : ओळख व मूल्यमापन

नवी वस्तू, सेवा, कच्चा माल, बाजारपेठ किंवा उत्पादनपद्धती खर्च भागवून नफा उरेल अशा रीतीने उपयोगात आणता येईल, अशी परिस्थिती म्हणजे व्यवसायसंधी. ती लक्षात येणे ही ओळख. तीत पैसा व वेळ घालावा की नाही हे ठरवणे म्हणजे मूल्यमापन. प्रत्यक्षात दोन्ही क्रिया एकमेकींत मिसळलेल्या असतात.

ठरलेल्या भावाने घेऊन अनिश्चित भावाने विकणारा, हे उद्योजकाचे वर्णन अर्थतज्ज्ञ रिचर्ड कँटिलॉनकडे जाते. त्याचा ग्रंथ १७३० च्या सुमारास लिहिला गेला असावा. प्रसिद्ध झाला मात्र १७५५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. फ्रँक नाइटने १९२१ मध्ये मोजता येणारी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता वेगळी केली व नफ्याचा संबंध दुसरीशी जोडला.

संधी आधीच असते की उद्योजक ती घडवतो, हा या विषयातला मुख्य वाद आहे. जोसेफ शुंपेटरच्या मांडणीत (१९११, मुखपृष्ठावर १९१२) उद्योजक नवी संयोजने करून, म्हणजे उपलब्ध साधनांची नव्या रीतीने जुळणी करून, बाजाराचा समतोल मोडतो. इझ्रायल कर्झनरच्या मते (१९७३) बाजार मुळातच असंतुलित असतो. इतरांच्या नजरेतून सुटलेली भावांतली तफावत सजग उद्योजकाला दिसते आणि त्याच्या कृतीने बाजार समतोलाकडे सरकतो. स्कॉट शेन व एस. वेंकटरमण यांनी २००० मध्ये संधीला अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. २००७ मध्ये शॅरन अल्व्हारेझ व जे बार्नी यांनी ‘शोध’ आणि ‘निर्मिती’ असे दोन सिद्धांत समोरासमोर ठेवले. शेनच्याच २००० सालच्या एका अभ्यासाचा दाखला या वादात नेहमी दिला जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील त्रिमितीय मुद्रणाचे तंत्र एकच. पण त्यात उद्योजकांच्या ८ गटांना ८ वेगवेगळ्या संधी दिसल्या, आणि प्रत्येक गटाला दिसलेली संधी त्याच्या आधीच्या कामाच्या माहितीशी जुळणारी होती. हा पुरावा दोन्ही बाजू आपापल्या परीने वापरतात. त्यातून निश्चितपणे सिद्ध होते ते पूर्वज्ञानाचे महत्त्व. ‘सजगता’ बहुधा यश मिळाल्यावरच माणसाला चिकटवली जाते, त्यामुळे कारण म्हणून ती कच्ची ठरते. पेर डेव्हिडसन यांनी (२०१५) बाह्य अनुकूल बदल, त्यावरून सुचलेली कल्पना आणि त्या कल्पनेविषयीचा विश्वास या तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात असे सुचवले. मूल्यमापन करणाऱ्याला ही विभागणी अधिक सोयीची आहे.

ओळखीच्या खुणा तशा परिचित आहेत : कायदा, तंत्र वा लोकसंख्येतील बदल, अनपेक्षितपणे खपलेला माल, वारंवार येणारी एकच तक्रार. यांत सर्वांत भरवशाची खूण म्हणजे अडचणीवर लोकांनी स्वतःच पैसे किंवा वेळ खर्चून केलेली तात्पुरती सोय. ‘असे मिळाले तर घ्याल का?’ या प्रश्नाला होकार सहज मिळतो; ‘मागच्या वेळी काय केलेत, किती खर्च आला?’ याचे उत्तर उपयोगी पडते. आगाऊ रक्कम किंवा लेखी मागणी त्याहून ठोस.

मागणीचा अंदाज खालून वर बांधतात : गाठता येतील इतके ग्राहक, त्यांतले विकत घेणारे, वर्षातील खरेदीच्या खेपा, दर. संपूर्ण बाजाराचा आकडा घेऊन ‘यातला १ टक्का तरी मिळेलच’ म्हणणे ही नेहमीची चूक. तो १ टक्का कोण आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला खर्च किती, हे त्यात येतच नाही.

त्यानंतर ना-नफा-ना-तोटा बिंदू. दरमहा स्थिर खर्च (खप कितीही असला तरी होणारा) ६०,००० रुपये, नगामागे विक्री किंमत २०० व बदलता खर्च १४० धरल्यास नगामागे ६० उरतात. म्हणजे १,००० नग खपले पाहिजेत. स्पर्धेमुळे किंमत १० टक्के उतरून १८० झाली, तर ४० च उरतात आणि खप १,५०० लागतो. दर १० टक्क्यांनी उतरला, पण गरजेचा खप ५० टक्क्यांनी वाढला. म्हणून एकाच आकड्यावर न थांबता किंमत, खप व खर्च एकेक करून हलवून पाहतात आणि ज्या गृहीतकावर हिशेब कोसळतो ते सर्वांत आधी, कमीत कमी खर्चात तपासतात.

कागदावर नफ्यात असलेला धंदाही खेळत्या भांडवलाअभावी अडतो. माल ४५ दिवस पडून, येणी ६० दिवसांची आणि पुरवठादाराची उधारी ३० दिवसांची असेल, तर पैसा ७५ दिवस अडकतो. महिन्याला वरील १,५०० नग म्हणजे २,१०,००० चा बदलता खर्च. त्यामुळे ढोबळमानाने ५,२५,००० कायम गुंतलेले राहतात. विक्री वाढेल तशी ही रक्कमही वाढते.

अंदाजच बांधता येत नसेल तेथे सारस सरस्वती यांच्या मांडणीतील (२००१) ‘परवडणारा तोटा’ हा निकष लावतात : किती मिळेल हे न विचारता, किती गेले तरी चालेल हे ठरवायचे. ही मर्यादा आणि थांबण्याची अट पहिला पैसा घालण्यापूर्वी लिहून ठेवतात. एरवी बुडालेली रक्कम भरून काढण्यासाठी आणखी रक्कम घातली जाते.