पुस्तकी किंमत वेगळी, बाजारभाव वेगळा: महागड्या तरुण फुटबॉलपटूचे पैसे वसूल झाले का, हे कसं पाहायचं

ऑक्टोबर 2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. त्याची एक उपांत्य लढत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होती. स्पेननं मालीला 3-1 असं हरवलं आणि स्पेनचा तिसरा गोल फेरान तोरेसनं केला. त्याच स्पर्धेत इंग्लंडचा फिल फोडन सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर त्याचा सहकारी रियान ब्रूस्टर 8 गोल मारून गोल्डन बूट घेऊन गेला. तिघंही एकाच वयाचे, आणि तिघांच्याही नावापुढे नंतर मोठमोठे आकडे लागले. या आकड्यांवरून ठाण्या-नवी मुंबईच्या टर्फवर सामना संपला की जो वाद रंगतो, त्यात दोन गोष्टींची हमखास गल्लत होते: खेळाडूची पुस्तकी किंमत आणि त्याचा बाजारभाव. ‘एवढ्याला घेतला, एवढ्याला विकला, बाकीचे बुडाले’ हा हिशेब त्याच गल्लतीतून येतो.

आधी पुस्तकी किंमत. रबाळे-महापे पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यानं 10 लाखांचं यंत्र घेतलं, तर मालक ते सगळे 10 लाख त्याच वर्षाचा खर्च म्हणून दाखवत नाही. यंत्राच्या आयुष्यावर दरवर्षी घसारा लावतो. क्लबही ट्रान्सफर फीचं (खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबला मोजलेल्या रकमेचं) तसंच करतो, फक्त इथे आयुष्य म्हणजे कराराची मुदत. फी भागिले कराराची वर्षं, एवढाच दरवर्षीचा खर्च. तो फीतून वजा होत जाऊन जी रक्कम उरते, ती पुस्तकी किंमत. फीमध्ये एजंटचं कमिशनही धरलं जातं. अटींवर अवलंबून असलेली जादा रक्कम (अमुक सामने खेळला, अमुक स्पर्धा जिंकली तर द्यायची) ती अट पुरी होईल असं दिसू लागलं की त्यात मिळवतात. पगार मात्र यात येत नाही, तो वेगळा खर्च. फी हप्त्यांनी दिली तरी घसाऱ्यावर परिणाम होत नाही. रोख रक्कम कधी गेली हा तिजोरीचा प्रश्न, नफा-तोट्याचा नाही.

आता तोरेसचंच उदाहरण घ्या. मँचेस्टर सिटीनं त्याला ऑगस्ट 2020 मध्ये व्हॅलेन्सियाकडून सुमारे 2.3 कोटी युरोंना पाच वर्षांच्या करारावर घेतलं. म्हणजे वर्षाला 46 लाख. दीड वर्षानं बार्सिलोनानं त्याच्यासाठी 5.5 कोटी मोजले, जादा रक्कम वेगळी. साधी वजाबाकी 3.2 कोटींचा नफा दाखवते. पण दीड वर्षात 69 लाख आधीच खर्ची पडले होते, पुस्तकात उरले होते 1.61 कोटी, म्हणून विक्रीच्या दिवशी नफा नोंदला जातो तो 3.89 कोटींचा. मधल्या काळात तो सिटीसाठी 43 सामने खेळला, 16 गोल केले, लीगचं विजेतेपद मिळालं. हा सौदा कुठल्याही बाजूनं पाहिला तरी चोख.

फोडनचं याच्या उलट. तो लहानपणापासून सिटीच्याच अकादमीत वाढला, त्यामुळे त्याच्यासाठी कुणाला फी द्यावी लागली नाही. पुस्तकी किंमत शून्य. बाजारात त्याला घ्यायचं म्हटलं तर कित्येक कोटी लागतील. एकाच मुलाचे हे दोन आकडे इतके लांब असू शकतात.

बाजारभाव कुठल्याही वहीत लिहिलेला नसतो. ट्रान्सफरमार्क्टसारख्या संकेतस्थळावर दिसतो तो अंदाज आहे. त्या किमतीला विकायला क्लब बांधील नाही आणि घ्यायला कुणी तयार असेलच असंही नाही. प्रत्यक्ष भाव ठरतो वयावर, करारात उरलेल्या वर्षांवर, दुखापतींच्या इतिहासावर, आणि त्या खिडकीत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरावीक काळात) किती ग्राहक दारात उभे आहेत यावर. यातली करारात उरलेली वर्षं सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतात. शेवटचं वर्ष लागलं की भाव घसरतो, कारण वर्षभर थांबलं तर करार संपून खेळाडू फुकट मिळणार हे समोरच्याला ठाऊक असतं.

दोन आकडे एकमेकांपासून कसे सुटतात ते पाहायला जोआओ फेलिक्स आणि अँटनी यांना शेजारी ठेवावं.

अॅटलेटिको माद्रिदनं 2019 मध्ये 19 वर्षांच्या फेलिक्सला बेनफिकाकडून 12.6 कोटी युरोंना घेतलं, करार सात वर्षांचा. वर्षाला 1.8 कोटी. साडेतीन वर्षं झाल्यावर, जानेवारी 2023 मध्ये, चेल्सीला उसना देण्याआधी क्लबनं त्याचा करार एक वर्ष वाढवून 2027 पर्यंत नेला. तेव्हा 6.3 कोटी खर्ची पडले होते आणि 6.3 कोटी उरले होते. उरलेली रक्कम आता साडेचार वर्षांवर पसरली, म्हणजे वर्षाला 1.4 कोटी. ऑगस्ट 2024 पर्यंत आणखी 2.1 कोटी कमी होऊन पुस्तकात राहिले 4.2 कोटी. चेल्सीनं त्याला सुमारे 5.2 कोटींना विकत घेतलं. बाजारातली घसरण 7.4 कोटींची, आणि पुस्तकात मात्र त्या वर्षी कोटीभराचा नफा! हा ढोबळ हिशेब आहे, कमिशन आणि इतर खर्च धरले तर आकडा थोडा सरकेल, पण दिशा हीच राहील.

करार वाढवण्यात दोन उलट गोष्टी एकदम घडल्या, त्या नीट पाहा. वाढवला नसता तर ऑगस्ट 2024 मध्ये पुस्तकात 3.6 कोटीच उरले असते, म्हणजे कागदावरचा नफा आणखी मोठा दिसला असता. तरीही वाढवला, कारण नाहीतर विकायच्या वेळी दोनच वर्षं उरली असती आणि बाजारभाव पडला असता. शिवाय दरवर्षीचा खर्च 40 लाखांनी उतरला. उसना देण्याच्या बातमीसोबत ‘करार वाढवला’ असं वाचलं की ‘आवडत नाही तर वाढवला कशाला?’ असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हे आहे.

मँचेस्टर युनायटेडनं 2022 मध्ये 22 वर्षांच्या अँटनीला आयाक्सकडून 9.5 कोटी युरोंना घेतलं, करार पाच वर्षांचा. वर्षाला 1.9 कोटी. तीन वर्षांनी 3.8 कोटी उरले असताना तो रेआल बेटिसला सुमारे 2.2 कोटींना गेला. म्हणजे पुस्तकातही 1.6 कोटींचा तोटा. तोही आणखी मोठा झाला असता, पण आधीचे सहा महिने बेटिसकडे उसना असताना तो चांगला खेळला आणि भाव सावरला. घसरण फेलिक्सचीही जवळपास तेवढीच, फरक एवढाच की अॅटलेटिकोनं खेळाडू जास्त वर्षं ठेवला आणि पुस्तकी किंमत बाजारभावाच्या खाली उतरल्यावर विकला. ‘तोटा झाला’ म्हणताना कुठल्या वहीतला, हे आधी ठरवायला हवं.

मुदत लांबवायची युक्ती चेल्सीनं 2023 मध्ये टोकाला नेली. एन्झो फर्नांडेस, मुड्रिक यांना साडेआठ वर्षांचे करार दिले. 10 कोटींचा खेळाडू पाच वर्षांवर वाटला तर वर्षाला 2 कोटी, आठ वर्षांवर वाटला तर सव्वा कोटी. वर्षाचा आकडा गोंडस दिसतो खरा. पण तीन वर्षांनी पहिल्याचे 4 कोटी उरतात, दुसऱ्याचे 6.25 कोटी. खेळाडू फसला आणि बाजार 5 कोटीच देतोय, तर पाच वर्षांचा करार करणारा क्लब कोटीभर नफ्यात सुटतो आणि आठ वर्षांवाला सव्वा कोटीच्या तोट्यात अडकतो. कोवळ्या मुलांबाबत ही जोखीम सर्वात मोठी, कारण 20 वर्षांच्या खेळाडूचा भाव तीन वर्षांत कुठेही जाऊ शकतो. युएफानं (युरोपातल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेनं) 2023 मध्ये आणि पाठोपाठ प्रीमियर लीगनं हा घसारा नव्या करारांसाठी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणला. करार आठ वर्षांचा करायला अजूनही मुभा आहे, हिशेबात मात्र पाचच वर्षं.

कधी कधी पुस्तकच बाजाराला हलवतं. जून 2024 च्या शेवटी प्रीमियर लीगचे अनेक क्लब घाईघाईनं तरुण खेळाडू विकत होते, कारण 30 जूनला हिशेबाचं वर्ष संपत होतं आणि त्या वेळच्या नियमानं तीन वर्षांत एकूण 10.5 कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालत होता. घरच्या अकादमीतला मुलगा विकला की पुस्तकी किंमत शून्य, म्हणून आलेली सगळी रक्कम नफा. न्यूकॅसलनं याच दडपणाखाली एलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिलं. तो पुढे इंग्लंडच्या मुख्य संघात पोहोचला. न्यूकॅसलची वही सावरली, मधली फळी फॉरेस्टची सुधारली. अकादमीची पोरं अशी वहीसाठी विकावी लागणं हा त्या नियमाचा सगळ्यात वाईट परिणाम आहे. स्पेनमध्ये हाच आकडा दुसऱ्या बाजूनं टोचतो: ला लीगाच्या खर्चमर्यादेत घसारा आणि पगार दोन्ही मोजतात. म्हणून तोरेसला घेऊनही बार्सिलोनाला त्याची नोंदणी लगेच करता आली नाही. संघातल्याच सॅम्युएल उमटिटीनं पगार कमी करून नवा करार केला, तेव्हा जागा झाली.

ब्रूस्टरचा सौदा मात्र दोन्ही आकड्यांना चकवून गेला. लिव्हरपूलकडून शेफील्ड युनायटेडनं त्याला 2020 मध्ये 2.35 कोटी पौंडांना पाच वर्षांसाठी घेतलं. आधी स्वान्सीकडे उसना असताना त्यानं 22 सामन्यांत 11 गोल केले होते, त्यामुळे भाव अवाजवी वाटला नव्हता. प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात एकही गोल नाही, संघ तळाला जाऊन खालच्या लीगमध्ये उतरला. पुढे दुखापतींनी पाठ सोडली नाही. 2025 मध्ये करार संपला आणि तो फुकट गेला. दरवर्षी 47 लाख पौंड निमूट खर्ची पडत गेले, एकाही वर्षी मोठा तोटा म्हणून काही दिसलं नाही. फसलेले बहुतेक सौदे असेच दिसतात.

मग पैसे वसूल झाले का, हे ठरवायचं कसं? घसाऱ्यात वर्षाचा पगार मिळवा, तो झाला वर्षाचा खरा खर्च. त्यासमोर किती मिनिटं खेळला आणि संघ कुठे पोहोचला ते ठेवा. विक्रीची रक्कम त्यानंतर. एम्बापे पीएसजी या पॅरिसच्या क्लबात सुमारे 18 कोटी युरोंना आला आणि 2024 मध्ये फुकट गेला. विक्रीतून शून्य. पण सात हंगामांत 308 सामने, 256 गोल, क्लबचा सर्वकालीन विक्रम. फी वर्षाला साधारण 2.6 कोटी पडली. त्याचा पगार त्याहून फार जड होता आणि वाद घालायचाच तर तो पगारावर घालावा. डेम्बेले बार्सिलोनाला 2017 मध्ये 10.5 कोटींना पडला, दुखापतींत वर्षं गेली, 2023 मध्ये 5 कोटींना पीएसजीकडे गेला आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, 2025 चा बॅलन डी’ओर, त्यानं तिथे जिंकला. खेळाडू खरा निघाला, फळ दुसऱ्याच्या अंगणात पडलं. अंदाज खेळाडूबद्दल बरोबर आणि सौद्याबद्दल चूक, असंही होतं.

फीच्या आकाराप्रमाणे अपेक्षा बदलायला हवी. 2-3 कोटी युरोंना घेतलेला 19-20 वर्षांचा मुलगा पुढे विकून पैसे काढणं शक्य असतं, कारण 5-6 कोटी देऊ शकणारे क्लब बरेच आहेत. 10 कोटींना घेतलेल्याच्या बाबतीत ती आशा धरू नये. त्याहून जास्त मोजणारे क्लब बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्याकडे पगाराची जागाही असावी लागते. त्यानं मैदानावरच फेडायचं असतं. ज्यूड बेलिंगहॅम 2023 मध्ये 10.3 कोटी युरोंना रेआल माद्रिदला आला तेव्हा 19 वर्षांचा होता, करार सहा वर्षांचा, म्हणजे वर्षाला 1.7 कोटींच्या आसपास. पहिल्याच हंगामात 23 गोल, ला लीगा आणि चॅम्पियन्स लीग. त्याला माद्रिद कधी कितीला विकेल, हा प्रश्न या सौद्यात येतच नाही.