रागाला शिट्टी नसते

परवा मोबाइलवर जाहिरात आली: पैसे भरा, हेल्मेट घाला, हातात बॅट घ्या आणि बंद खोलीत बाटल्या, जुने टीव्ही फोडा, राग निघून जाईल. आपल्याकडे आत्या-मावश्याही हेच सांगतात, मनात ठेवू नकोस, काय ते ओरडून मोकळी हो. डोळ्यांसमोर असतो प्रेशर कुकर. शिट्टी झाली, वाफ गेली.

१८९५ साली व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी कोंडलेल्या भावनांना वाट करून देण्याच्या उपचाराबद्दल लिहिलं, तेव्हापासून हा कुकर मानसशास्त्रातही ठाण मांडून आहे. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्याचं झाकण उघडून पाहिलं. कॉलेजच्या ६०० मुलामुलींनी निबंध लिहिले, ते अत्यंत वाईट असल्याच्या शेऱ्यासह परत आले. मग एका गटाने शेरा मारणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारले, दुसऱ्याने व्यायाम म्हणून मारले, तिसरा गट दोन मिनिटं नुसता बसला. शेवटी त्या शेरेवाल्याच्या कानात कर्कश आवाज सोडायची मुभा (पलीकडे कोणीच नव्हतं, पण मुलांना ते ठाऊक नव्हतं). सर्वात चिडलेले निघाले ते आठवून ठोसे मारणारे. सर्वात कमी छळलं नुसतं बसलेल्यांनी!

कारण राग पिंपात साठत नाही. मेंदूतल्या अमिग्डला या धोका ओळखणाऱ्या भागाने घंटा वाजवली की मेंदूतलाच हायपोथॅलॅमस, तिथून अनुकंपी चेतासंस्था (शरीराला लढा-पळाच्या तयारीत आणणाऱ्या नसा), मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी, आणि रक्तात अ‍ॅड्रेनलिन. नाडी आणि रक्तदाब चढतो. ठोसे मारतानाही शरीर नेमकं हेच करतं. वाफ सोडतोय समजून आपण गॅस मोठा करतो, आणि मेंदू त्या धडधडीचं खापर समोरच्या चेहऱ्यावर फोडतो. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा संथ श्वसन, ध्यान यांनी राग उतरलेला दिसला. जॉगिंगने उलट चढलेला. (पत्रिकेतल्या मंगळाची शांत करण्यापूर्वी नाडी तरी मोजावी.)

उपचारात रागाला जागा आहे, पण फोडाफोडीची नाही. मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या भावनाकेंद्री पद्धतीत समोर रिकामी खुर्ची ठेवतात. समजा, उपचाराला आलेल्या एका तरुणीसमोर त्या खुर्चीत तिचे बाबा बसलेत. 'तुम्ही नेहमी असंच करता' ही नुसती कुरकुर. तिच्याखाली बहुधा दुखावलेपण दडलेलं असतं. 'बाबा, मी दहा वर्षांची होते. तुम्ही मला मारलंत ते चूक होतं', हा खरा राग. त्याला आवाज चढवावा लागत नाही. पुष्कळदा वाक्य संपायच्या आत रडू फुटतं. मग बऱ्याचदा समुपदेशक तिला उठवून त्याच खुर्चीत बसवतात आणि बाबांच्या जागेवरून उत्तर द्यायला सांगतात.