बासरी आधी गरम होते, मग सुरात येते

जानेवारीत सकाळी साडेसहाला ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठावर बासरी घेऊन बसलं की पहिली काही मिनिटं सा खालीच लागतो. मोबाईलवर तानपुरा चालू, बोटं तीच, भोकं नीट बंद, तरी सूर उतरलेला. मला बरीच वर्षं वाटायचं की फुंक आळसावलीये, म्हणून मी जोर लावायचो आणि दहा मिनिटांनी तोच सा तानपुऱ्याच्या वर गेलेला असायचा.

चूक फुंकीची नव्हतीच, आतली हवा थंड होती. बासरीत बांबू नाही, आतली हवा वाजते, आणि हवा जेवढी गरम तेवढा आवाज तिच्यातून वेगाने धावतो. २० अंशाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ३० अंशाला ३४९. नळीची लांबी तीच राहिली आणि वेग वाढला की सूर चढतो. दहा अंशांच्या फरकाने सूर जवळपास ३० सेंट (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप) वर जातो, आणि सा ते कोमल रे हे सगळं अंतरच १०० सेंटचं, म्हणजे कानाला चांगलंच कळतं. काही जण म्हणतात गरम होऊन नळी वाढते म्हणून सूर बदलतो, पण नळी लांब झाली तर सूर उतरायला हवा ना! चांदीची फ्लूट दहा अंशांनी तापली तरी जेमतेम एक दशांश मिलिमीटर वाढते.

म्हणून पहिल्या मिनिटाला सूर जुळवत बसू नका, नुसते लांब स्वर लावा. सा पासून एकेक स्वर खाली मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, प पर्यंत, घाई न करता. यात ओठांभोवतीचे स्नायूही जागे होतात. ओठांमधून निघालेली हवेची पातळ पट्टी भोकाच्या कडेवर आपटते आणि सेकंदाला शेकडो वेळा आत-बाहेर हलते, त्यातूनच स्वर उभा राहतो, त्यामुळे ओठ किंचित हलले तरी स्वर फाटतो. तानपुऱ्याच्या सुराजवळ आलात की आवाजात वॉव-वॉव असे हेलकावे ऐकू येतील. सेकंदाला तीन हेलकावे म्हणजे दोन स्वरांत तीन हर्ट्झचा फरक. ते मंदावत मंदावत थांबले की सूर मिळाला. मला तर ट्यूनर ॲपपेक्षा हेच जास्त पटतं, कारण कान तयार होतो.

मग बोटं न हलवता फक्त ओठ आवळून फुंक वेगवान करा, सा चा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा होतो. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट असा वरच्या सप्तकात गेला की सा वरून थेट तार प वर पोचतो, कारण त्याचं तोंडाकडचं टोक हवेसाठी बंद असतं आणि बासरीची दोन्ही टोकं उघडी.

चक्कर आली तर लगेच थांबा. बासरीत क्लॅरिनेटसारखी थरथरणारी पत्ती (रीड) नाही, हवेला अडवणारं काही नाही, त्यामुळे नवशिके भराभर श्वास सोडतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. दोन मिनिटं शांत बसलं की बरं वाटतं.

आणि एसी हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर विंगेतच सगळी भोकं बंद करून, चष्म्याची काच पुसताना करतो तसं हाऽऽ करून बासरीत हळूहळू गरम श्वास सोडत राहायचं, आवाज अजिबात न काढता. स्टेजवर पहिला सा लावताना आतली हवा तयार असते.